अ‍ॅग्नेसच्या मापाचं एक चाक

आमच्या सातिवलीच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. खोके रोज टेम्पोत भरून जातात. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते गोडाऊनमध्ये साचत राहतात. मी डिस्पॅचला आहे, म्हणजे माल बाहेर काढणं माझंच काम. तेव्हा घ्या, आजचा सगळा माल अ‍ॅग्नेसचा.

अ‍ॅग्नेस आमची क्वालिटीवाली, माल मोजूनमापून पास-रिजेक्ट करणारी. गास गावची. वय अठ्ठेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आईबरोबर राहते. एका दुपारी डबा खाताना म्हणाली, "मी एकचाकी सायकल शिकणार आहे."

हेमंतच्या हातातला घास हातातच राहिला. हेमंत आमचा डिझाइनवाला, उमेळ्याचा, सल्ला द्यायला कायम तयार.

"मॅडम, तुम्हाला दोनचाकी तरी येते का?"

"येते ना. म्हणून तर एक कमी करतेय."

हात धुताना मी तिला खोदून विचारलं, तेव्हा खरं कारण कळलं. नाताळात त्यांच्या गावाचा कार्यक्रम असतो. ज्याला जे येतं ते करत मैदानाला फेरी मारायची. तिचे दोघे भाऊ दरवर्षी ट्रम्पेट वाजवत जातात आणि आई शेजारणींना सांगत सुटते, "हे माझे पोरगे."

"मला एकदा तिच्यासमोरून जायचंय गं," अ‍ॅग्नेस म्हणाली. "तिने कोणाला तरी सांगावं, ही माझी पोरगी. बस."

मला भरूनच आलं. मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, पन्नाशीला टेकलेली बाई सर्कस करणार असेल, तर मी त्या दिवशी घराबाहेर पडणार नाय."

* * *

पहिल्यांदा सायकल घ्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानदार एकदम गोड माणूस. "या मॅडम. बाळ केवढं आहे आपलं?"

"अठ्ठेचाळीसचं," अ‍ॅग्नेस म्हणाली.

त्याने ऐकल्यासारखं केलं आणि सोळा इंचांची गुलाबी सायकल काढून दिली. शिकणाऱ्याला लहानच बरी, म्हणाला. आम्हालाही पटलं. गोडाऊनमध्ये आणून अ‍ॅग्नेसला बसवली तर गुडघे थेट हनुवटीला. पॅडल मारायचं सोडाच, तिला खालचं काही दिसेना. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर दुकानदार हळहळला.

"काय झालं, बाळाला आवडली नाही?"

* * *

मग हेमंतने सूत्रं हातात घेतली. त्याच्या आईने त्याला शाळेचा प्रत्येक गणवेश दोन वर्षं पुढच्या मापाचा शिवला होता, तेच तत्त्व. "मॅडम, मोठीच घ्या. आज नाही तर उद्या अंगात येईल."

"हेमंत, माझं वाढायचं वय गेलं रे."

पण तो ऐकतोय कुठला. कुठल्याशा मित्राची छान उंच, मोठ्या चाकाची सायकल मागून आणली. मोठं चाक लांब पल्ल्याला उत्तम, पण पॅडलच्या एका फेरीत केवढं पुढे पळतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हेमंतने आणि मी तिला वर चढवलं. तिने मनापासून एक पॅडल मारलं.

सायकल डिस्पॅचला पोचली. अ‍ॅग्नेस क्वालिटीतच राहिली.

* * *

तेव्हा मात्र तिची सटकली. म्हणाली, "आता मी माझ्या पद्धतीने घेते." चार दिवस व्हिडिओ बघितले आणि पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने वीस इंची तीन सायकली समोर मांडल्या. तिने पर्समधून मेजर टेप काढली, जमिनीपासून स्वतःची बेंबी मोजली आणि प्रत्येक सीट त्या उंचीला येते का ते पाहिलं. येणारेजाणारे बघत होते, पण बाई ड्युटीवर असली की तिला आजूबाजूचं दिसत नाही.

एका सायकलचा सीटखालचा दांडा पुरेसा वर निघेना. दुसरीच्या पॅडलला लोखंडी दाते. "चुकून घसरली तर माझ्या नडगीचा कीस पडेल," म्हणाली. तिसरीला साधी प्लॅस्टिकची पॅडलं, टायर जाडजूड, आणि टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ. ती घेतली. पैसे देऊन आम्ही निघालो तर दुकानदार मागून धावत आला, हात जोडून.

"मॅडम, त्या दोघींवरचे रिजेक्टचे स्टिकर तेवढे काढून जा. गिऱ्हाईक विचारतंय."

* * *

रोज जेवणाच्या सुट्टीत सराव सुरू झाला. गोडाऊनची फरशी गुळगुळीत, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या उंच थप्प्या. तोल गेला की थप्पी धरायची, उतरायचं असलं की थप्पी धरायची. मस्त चाललं होतं.

एकदा शेठ अचानक आले. अ‍ॅग्नेस दोन थप्प्यांच्या मध्ये हात पसरून लोंबकळत होती. मला वाटलं, गेली आपली नोकरी. शेठनी चष्मा पुसला, सायकल हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाले, "मला धरा जरा."

धरलं. सोडलं. शेठ सुट्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर आडवे. उठले, कंबर चोळली आणि केबिनकडे जाता जाता हुकूम सोडला.

"उद्यापासून इथे पाच प्लायचा जाड माल ठेवा. तीन प्लायवर लागतं."

* * *

आणि मग नाताळातला तो कार्यक्रम. मी आणि हेमंत खास गासला गेलो. अ‍ॅग्नेसची आई आली होती. घराबाहेर पडणार नाय म्हणालेली बाई, पण अगदी शेवटच्या रांगेत, मैदानाकडे अर्धी पाठ करून बसलेली. अ‍ॅग्नेसने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "चढवा मला," एवढंच म्हणाली.

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने हेमंत. चढवली, सोडली. आणि काय सांगू, निघाली की बाई! आधी पोरं हसली, मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. तिचे भाऊ ट्रम्पेट वाजवायचे थांबून बघत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

अर्धं मैदान गेल्यावर हेमंत माझ्या कानाशी पुटपुटला, "मॅडम उतरणार कशा?"

मोकळं मैदान, थप्पी एकही नाही. अ‍ॅग्नेसच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असणार, कारण तिचे हात हवेत काहीतरी शोधायला लागले. चाक डावीकडे, उजवीकडे. आम्ही धावलो, पण आम्ही फार लांब होतो.

शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या खडखडल्या. तिची आई लोकांना कोपराने बाजूला सारत मैदानात आली आणि सायकलच्या वाटेत घट्ट उभी राहिली.

"धर मला."

अ‍ॅग्नेसने दोन्ही हात आईच्या खांद्यांवर टाकले. चाक थांबलं. म्हातारी जागची हलली नाही. आम्ही धापा टाकत पोचलो. मी म्हटलं, "मावशी, सोडा, मी धरते. उतरू दे तिला."

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका हाताने सायकलची सीट पकडली आणि मान वळवून मैदानाच्या टोकाला पाहिलं. तिथे चर्चचे फादर आमच्याकडे पाठ करून माइकवाल्याशी हुज्जत घालत होते.

"उतरू नको गं," मावशी अ‍ॅग्नेसला म्हणाल्या. "फादरनी नाय बघितलं अजून."