नख अडकलं तिथं

साताऱ्यात बुलेटचे शॉकअप दुरुस्त करणारा एक माजी फौजी माझी डोंगर उतरायची सायकलही बघतो. सीटवर तळवा दाबून, डोळे मिटून तो शॉकअपचा आवाज ऐकतो.

रविवारी मला यवतेश्वरचा डोंगर उतरायचा होता. शनिवारी त्यानं फ्रेमवरून नख फिरवलं. एका जागी ते अडकलं.

"तडा गेलाय."

"आवं, रंग उडालाय नुसता," मी म्हणालो.

त्यानं पुढचं चाक काढून कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. "शिव्या घाला, पन चाक न्हाई मिळायचं."

मी घातल्याही.

सोमवारी त्यानं चाक पुन्हा बसवलं. "आता बसा, आनि जरा उसळी मारा."

दुसऱ्याच उसळीला फ्रेम कडकन मोडली. मी पडलो नाही. त्याचा हात आधीपासूनच माझ्या काखेत होता.