मेंढीला विचारतात का

"मेंढीला सुई टोचताना मेंढीला विचारता का तुम्ही?"

डॉक्टर माझ्याकडं न बघता बोलला. कंपनीच्या दवाखान्याची खोली. आम्ही सात-आठ जणी डाव्या हाताची बाही वर करून ओळीनं उभ्या. मी एवढंच विचारलं होतं, साहेब, ही सुई कशाची? त्यानं समोरच्या कागदावर माझं आडनाव वाचलं, गाव वाचलं, धनगराची आहे हे ओळखलं आणि हे बोलला. दाराशी उभा असलेला सुपरवायझर हसला. मग ओळीतल्या बायका हसल्या. सांगायला लाज वाटते, पण मीही हसले. हसत हसत हात पुढं केला.

कापसाचा बोळा फिरवणाऱ्या बाईनं जाता जाता सांगितलं, "तीन महिने पोर राहत नाय. जा." सगळी माहिती ती एवढीच.

माझं माहेर पाचोडकडचं. बापाचा मेंढ्यांचा कळप होता. लग्न होऊन मी औरंगाबादला मुकुंदवाडीत आले, तेव्हा समोर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या. नवरा एका शेडमध्ये, मी दुसऱ्या. माझं काम औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, चिठ्ठ्या इंग्रजीत. दिवसभर चिकटवायच्या आणि एकही वाचता यायची नाही. आम्ही कंत्राटी होतो. सुपरवायझरनं सांगितलं होतं की सुई घेईल तिलाच कायम करू. बाळंतपणाच्या सुट्ट्या कंपनीला परवडत नाहीत, हे कारण मागून कळलं. मंगल, माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होती. मलाही लगेच दुसरं नकोच होतं. कुणी नीट सांगितलं असतं तर कदाचित मी खुशीनं सुई घेतली असती. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोकांना वाटतं माझं भांडण सुईशी आहे.

बाराव्या दिवशी अंगावरून जायला लागलं. पाळी नव्हती ती. पाळीची मला सवय होती.

आमच्या घरी पाळी आली की बाई बाहेर. पाच दिवस पत्र्याच्या पडवीत, शेळीच्या शेजारी. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की आत. मी पाचव्या दिवशी न्हाले, आत गेले, चुलीशी बसले. सहाव्या दिवशी पुन्हा डाग. सासूबाईंनी परत बाहेर काढलं. पुन्हा पाच दिवस, पुन्हा न्हाणं, पुन्हा डाग. त्यांचा हिशेब पहिल्यापासून सुरू व्हायचा. असे चाळीस-बेचाळीस दिवस गेले. कंपनीला माझा विटाळ चालायचा. शंभर बाटल्या हाताळल्या तरी कुणी काही म्हणायचं नाही. घरी आले की पडवी. डोकं ठणकायचं, उठलं की अंधारी यायची, कारण नसताना रडू यायचं. सासूबाईंच्या मते खंडोबाचं काहीतरी चुकलं होतं. नवरा काहीच बोलायचा नाही. त्याचा मला जास्त राग यायचा.

मंगल पहिले काही दिवस पडवीकडं धावत यायची. सासूबाई तिला ओढून न्यायच्या. मग ती धावायची थांबली. एका संध्याकाळी तिच्या हातातला भाकरीचा तुकडा माझ्यापाशीच पडला. मी उचलून पुढं केला. ती दोन पावलं मागं सरली आणि सासूबाईंच्याच आवाजात म्हणाली, "शिवू नको."

दोन वर्षांचं लेकरू. मी तो तुकडा शेळीला घातला.

माझ्या टेबलावर सुमन नावाची बाई होती. बौद्ध, दहावी पास. गावात त्यांची घरं पेटवली म्हणून तिची माणसं शहरात आलेली. विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे तेव्हा जोरात होते. तिचा भाऊ मोर्चात लाठी खाऊन आलेला, आणि आमच्या घरात त्या मोर्चांबद्दल एक शब्द चांगला बोलला जात नव्हता. मी तिच्या शेजारी बसून काम करायचे, पण जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन भिंतीपलीकडं जायचे. तिच्या डब्यातलं मी कधी काही घेतलं नव्हतं. ती कधी विचारायचीही नाही.

एक दिवस मी टेबलावरच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं सुमनच्या मांडीवर होतं आणि ती तिच्या तांब्यातलं पाणी मला पाजत होती. मी पीत होते. पोटात गेल्यावर लक्षात आलं, पाणी कुणाचं ते. आणि काहीही झालं नाही.

"वैनी, खंडोबाचं काय नाय त्यात," ती म्हणाली. "सुईनं होतंय. मलाबी झालं."

तिनं दवाखान्यामागच्या कचऱ्यातून सुईच्या खोक्यातला कागद उचलला होता. वस्तीत शिकवायला येणाऱ्या, डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मुलीकडून तो समजून घेतला होता. तिनं मला जे सांगितलं ते मी आजही शब्दन्‌शब्द सांगू शकते. औषध दंडात साठून राहतं आणि तीन महिने हळूहळू रक्तात उतरतं. त्यानं बाईचं बीज पिकून सुटत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी घट्ट होतं, पिशवीचं अस्तर पातळ पडतं. म्हणून कुणाला अवेळी जातं, कुणाची पाळीच बंद होते. डोकं दुखतं, वजन वाढतं, मन उदास होतं. सुई बंद केल्यावरही दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात. आणि एकदा टोचली की परत काढता येत नाही, ओसरायची वाट बघायची. हाडं ठिसूळ होऊ शकतात, थांबवल्यावर बरीचशी भरून येतात, हे मला फार पुढं कळलं.

सगळं कागदावर छापलेलं होतं. आणि मी दिवसभर बाटल्यांना कागदच चिकटवत होते.

मी रडायला लागले. पडवीचं सांगितलं, मंगलचं सांगितलं. मला वाटलं ती जवळ घेईल. सुमन शांतपणे म्हणाली, "चाळीस दिस बाहेर बसलात तर जीव नकोसा झाला तुमाला. आमची तर सारी वस्तीच गावाबाहेर हुती. तुमी तर रोज डबा घिऊन भिंतीमागं जाता."

डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी डबा तिच्याशेजारी उघडला. तिच्याकडून लोणचं मागून घेतलं.

तीन महिने भरले. पुन्हा तीच खोली, तीच ओळ. माझा नंबर आला तेव्हा मी बाही खाली ओढली आणि म्हणाले, नको. डॉक्टरनं पहिल्यांदा मान वर केली.

"साहेब, माझा बाप मेंढीला सुई टोचायचा. मेंढीला विचारत नव्हता, खरंय. पण टोचल्यावर चार दिस तिच्या मागं मागं हिंडायचा. चरती का, रवंथ करती का, बघायचा. माझं अडीच महिने रगत जातंय. तुमी एकदाबी विचारलं नाय."

कुणी हसलं नाही. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नको. माझ्यामागं सुमन उभी होती. तिनंही बाही खाली ओढली. तिच्यामागच्या दोघींनीही ओढली. बाकीच्यांनी हात पुढं केला. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही घरी चूल होती.

घरी गेले. अजून डाग होतेच. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि मंगलला उचललं. ती आधी ताठ झाली, अंग चोरलं तिनं. मग हळूहळू मान माझ्या खांद्यावर टाकली. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या हातचं खाल्लं नाही. पुढं कित्येक दिवस खाल्लं नाही. मी रोज रांधत राहिले. पडवीत परत कधी बसले नाही.

ती नोकरी गेली ती गेली. आता माझ्या दंडाला हात लावायचा असेल त्यानं आधी कागद माझ्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायचं. आणि मला बाहेर बस म्हणायचा हक्क कुणाला नाही. मी कुणाला बसवणार नाही.