मोहाखालचं मंगलाष्टक

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर लावायला सांगते... भूतबाधा, करणी वगैरेंशी माझा छत्तीसचा आकडा. तरीही मागच्या मोहाच्या हंगामात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिमूर तालुक्यात, जंगलाला अगदी लागून आमचं गाव. माझ्या सासूबाई गावच्या पेटीवाल्या. भजन असो, बारसं असो, लग्न असो – त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांना सुरात आणायचा त्यांनी चंगच बांधला होता. मी मात्र हाताबाहेरची केस! नणंदेच्या लग्नात हौसेनं मंगलाष्टक म्हणायला उभी राहिले, तर बाईंनी भर मांडवात, माईकसमोर, जीभ टाळ्याला लावून "च्च!" केलं. नवरदेवसुद्धा अंतरपाटाआडून हसला.

सासूबाईंचा गाण्याइतकाच जीव जनावरांवर. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात ना, ते बंद करायला त्या दारोदार हिंडल्या. आणि फुलं वेचायला जाणाऱ्या बायांना त्यांचा नियम – मोठ्यानं गात जायचं. "वाघाच्या घरी चाल्लो आपण, दार वाजवून जा नं! थोही वाचते, आपणही वाचतो."

हिवाळ्यात त्या गेल्या. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेटीवर चादर टाकली आणि बोलणंच सोडलं. जेवा म्हटलं तर दोन घास, की उठले. मला तर त्यांचीच धास्ती लागून राहिली होती.

मोह टपकायला लागला आणि एका सकाळी पाहते तर मामाजींची खाट रिकामी, टोपली गायब. शेजारची शेवंताबाई म्हणाली, "भाऊ जंगलाकडं गेले वो. गाणं नाई, काई नाई... चुपचाप."

पायात चप्पल अडकवली आणि पळत सुटले.

मामाजी आमच्या नेहमीच्या मोहाखाली बसून फुलं वेचत होते. आणि त्यांच्या पाठीमागे, नाल्याच्या काठावर – वाघीण! बसलेली. एकटक त्यांच्याकडे बघत. मामाजींना पत्ताच नाही.

आता गायचं, हे मला कळत होतं हो, पण काय गायचं? डोकं साफ रिकामं. तोंडून निघालं ते मंगलाष्टक, तेही शेवटाकडून. "शुभमंगल साऽऽवधान!" आणि हात सवयीनं खाली गेला, मूठभर मोहफुलं उचलली आणि टाकल्या की अक्षता... थेट वाघिणीच्या दिशेनं!

मामाजींनी मान वळवली. वाघीण दिसली. तरी माणूस पुटपुटतो काय, "काऊन वो, तिचं लगन लावून राह्यली का?" सासूबाई गेल्यापासूनचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य!

वाघीण हलेना. कान टवकारून बसली. मी पुन्हा सुरू केलं, पण भीतीनं सूर पार खाली घसरला. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून आवाज आला – "च्च!"

आणि लगेच एक स्वच्छ, लांब "आऽऽऽ"... सासूबाई सूर द्यायच्या, अगदी तसाच. मामाजी ताडकन उभे राहिले. त्यांनी तो सूर धरला आणि गायला लागले. डोळ्यांना धार, पण आवाज खणखणीत! मीही मागोमाग. वाघिणीनं मोठी जांभई दिली, उठली आणि नाल्यात उतरून चालती झाली.

घरी येऊन मामाजी पोटभर जेवले. मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले. कोणासाठी, तर जन्मभर मला टोमणे मारणाऱ्या सासूसाठी! खूप आठवण येते हो त्यांची. त्यानंतर हंगामभर रोज बायांच्या पुढे मामाजी गात जायचे.

वनरक्षकाला सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "भृंगराज असंल, म्याडम. थे पाखरू कोणाचीही नक्कल करते. बाई इतके वर्षं तिथी येत होत्या, शिकलं असंल."

मोहाला त्या दिवसांत पान नसतं, आणि वर पाखरूही दिसलं नव्हतं. पण उडालं असेल, म्हटलं. विज्ञानाच्या बाईला पटायलाच हवं ना? पटलं.

फक्त एक गोष्ट अजून सुटत नाही... मी पहिल्यांदा ओरडले, तेव्हा ते पाखरू गप्प होतं. सूर घसरला, तेव्हाच बोललं. माझा सूर उतरलाय, हे त्याला कसं कळलं?