अप्पांच्या चाळणीचे आठ बोल्ट

प्लेट एकच होती. स्टेनलेस स्टीलची, अप्पांच्या डाळ मिलच्या मापानं कापून आणलेली. ती बिघडली तर दुसरी यायला चार दिवस लागणार होते. जुनी चाळणी फाटल्यामुळे मिल सकाळपासून बंद होती आणि अप्पा आमच्याच वर्कशॉपच्या ऑफिसात तिसरा चहा पीत बसले होते.

"माय, तूर येऊन पडली हाय. अजून किती येळ?"

"होतच आलंय अप्पा," मी म्हणाले. खरं तर मला तेवढी खात्री नव्हती.

मी नायगावकडची, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली. त्यामुळे कुठली गोष्ट कुणाला विचारावी, हे मला अजून नीट कळत नाही. लातूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप करते. त्या दिवशी बिराजदार सरांनी, म्हणजे वर्कशॉपच्या मालकांनी, पहिल्यांदाच एक प्रोग्राम माझ्या एकटीवर सोपवला होता. "ही प्लेट नीट गेली तर तुझी खुर्ची प्रोग्रामिंगला. नाहीतर परत मापं घ्यायच्या टेबलावर." ते टेबल काही वाईट नाही. पण मला खुर्ची हवी होती.

काम असं होतं. चाळणीच्या प्लेटला शेकडो बारीक होल लागतात. ती मशीन ड्रिलनं पाडतं, पण कुठे आणि कोणत्या क्रमानं हे त्याला कॅम सॉफ्टवेअरमधून सांगावं लागतं. तिथे एकेक होल काढत बसायचं नसतं. पहिलं होल द्यायचं, दोन होलमधलं अंतर द्यायचं, प्लेटची हद्द दाखवायची. बाकीची होल सॉफ्टवेअर स्वतः मांडतं. याला पॅटर्न म्हणतात. आमच्या पॅटर्नमध्ये दुसऱ्या ओळीचं होल पहिल्या ओळीतल्या दोन होलच्या मधोमध येत होतं.

शिवाय आठ जागी प्लेट बोल्टनं आवळायची होती. बोल्टची मोठी होल नंतर मारायची, म्हणून तिथली बारीक होल वगळायची. पॅटर्नमधल्या प्रत्येक होलला नंबर असतो. मी आठ नंबर शोधले, वगळले आणि खूश झाले.

तेवढ्यात अप्पा ऑफिसच्या काचेजवळ आले. "औंदा माल लई हाय, चाळण भराभर व्हाया पायजे. होल जरा जवळजवळ घ्या की."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "जमंल?"

"हो सर. एकच आकडा बदलायचा."

मी अंतर दहाचं नऊ मिलिमीटर केलं. सॉफ्टवेअरनं सगळी प्लेट नव्यानं भरली. स्क्रीनवर नुसते गोलच गोल. मी रिकाम्या जागा मोजल्या. आठ. सिम्युलेशन चालवलं, म्हणजे मशीन काय करणार ते स्क्रीनवर बघितलं. कुठे चुकीचा लाल रंग नाही. प्रोग्राम पाठवून दिला.

मशीनवर सलीमभाई होते. त्यांनी प्लेट लावलीच नाही. ड्रिल काढून त्या जागी स्प्रिंगवर बसवलेला स्केचपेन लावला आणि टेबलावर पुठ्ठा चिकटवला.

"सलीमभाई, सिम्युलेशन ओके आहे."

"सिम्युलेशन तुझ्या कॉम्प्युटरात हाय बेटा. प्लेट माझ्या टेबलावर येनार हाय. एकुलती एक हाय ती. ठैर जरा."

स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, न फिरवता मशीन पुठ्ठ्यावर ठिपके टाकत गेलं. टक, टक, टक. एक ओळ, मग दुसरी, अर्धं अंतर सरकून. मी उगाच बघत उभी होते आणि एकदम ओळख पटली. हे तर मी लहानपणापासून बघत आले आहे. दिवाळीत अंगणात आई ठिपके टाकायची आणि मी जोडायचे. एक ठिपका चुकला की हात आपोआप थांबायचा, कारण रांगोळी एका अंगाला कलायची.

माझी नजर तशीच थांबली. रिकाम्या जागा आठच होत्या, पण कललेल्या. डावीकडे पाच, उजवीकडे तीन. बोल्ट तर दोन्ही बाजूंना चार-चार यायला हवे होते.

"सलीमभाई, चुकलंय माझं."

"कुठं?"

मी बोट ठेवलं आणि बोलता बोलता मलाच उमगलं. अंतर कमी केल्यावर प्रत्येक ओळीत होल वाढली, तसे सगळे नंबर पुढे सरकले. मी वगळलेले नंबर मात्र जुनेच राहिले. म्हणजे बोल्टच्या जागी बारीक होल पडणार होती आणि भलत्याच जागा कोऱ्या राहणार होत्या.

मी सरळ सरांकडे गेले. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"प्लेटला लागलं का?"

"नाही सर. पुठ्ठ्याला."

"मग तोंड कशाला पाडायलीस? पुठ्ठा रद्दीतला हाय. जा, नीट कर."

या वेळी मी नंबरांच्या नादी लागले नाही. बोल्टच्या आठ जागांवर आठ गोल काढले आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, या गोलांत जे होल येईल ते गाळ. कुठे एक गळालं, कुठे दोन. मुद्दाम अंतर बदलून बघितलं. गोल जागचे हलले नाहीत. दुसऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके पडले, दोन्हीकडे सारखे. सलीमभाई म्हणाले, "आता कशी जाळी सरळ बसली!" आणि प्लेट टेबलावर चढली.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला, तोही व्हिडिओवर. त्यांनी मोबाइल चाळणीसमोर धरला होता. खडखडाटात काही ऐकू येईना. फक्त डाळ उड्या मारताना दिसत होती, आणि कडेला चार बोल्ट, घट्ट.

"माय, बघ! कशी नाचायली!" अप्पा ओरडत होते. सर हसत होते. मीही हसले, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चांगल्या पुठ्ठ्यावरचे ठिपके जोडून त्याची रांगोळी केली. सलीमभाईंनी ती मशीनच्या दारावर लावली. चुकलेला पुठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, प्रोग्रामिंगच्या टेबलाच्या. त्याच्या मागे मी लिहून ठेवलंय: होल नंबरानं वगळू नये, जागेनं वगळावं. आणि रिकाम्या जागा नुसत्या मोजू नयेत, त्या कुठे आहेत तेही बघावं.