इंचाला एक तास

रंगनाथ मेश्राम कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. हडपसरच्या एका छोट्या कारखान्यात पोलादाचे भाग भट्टीत तापवून, तेलात बुडवून कडक करत, आणि कुठला माल किती वेळ तापवायचा ते रंगनाथ ठरवायचा. हिशेब सोपा. भट्टीचा काटा ठरल्या अंशावर आला की घड्याळ लावायचं, आणि जाडीच्या दर इंचाला एक तास धरायचा. याच हिशेबावर त्याने निम्मं आयुष्य काढलं होतं. मध्ये कुणी बोललंच, तर म्हणायचा, "तुमचं चालू द्या, मी तोवर चहा घेऊन येतो." भंडाऱ्याहून आलेल्या या माणसाला पुण्याचा तिरकसपणा फार लवकर जमला होता, एवढं खरं.

ती भट्टी सुट्टीच्या दिवशीही मंद तापवून ठेवत. बंद करायची ती फक्त खंडेनवमीला. तेव्हा ती पार गार करून झेंडूचा हार घालत, पूजा करत. रंगनाथ त्या दिवसांत कधीच पुण्यात नसे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून तो दरवर्षी बायकोला, सत्यशीलेला घेऊन नागपूरची गाडी पकडायचा. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी भट्टी लावून आतल्या विटा लालबुंद केलेल्या असत. गार पडलेली भट्टी त्याने स्वतः कधी लावलीच नव्हती. एवढा जाणकार म्हणवणारा माणूस, पण हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नाही.

त्या वर्षी खराडीला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. तिथे सामान वर चढवणाऱ्या साखळ्यांसाठी पिना हव्या होत्या, आणि त्याही लगेच. कारखान्याचे मालक अनिरुद्ध साहेब यांनी थेट नागपूरला फोन लावला. "तुम्हीच या. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." रंगनाथची छाती फुगली. मिळेल त्या गाडीने तो एकटाच परतला, हार काढला आणि भट्टी लावली.

काटा चढला तशी त्याने पिनांनी भरलेली टोपली आत सरकवली आणि घड्याळ लावलं. तपासणीचं काम बघणारी दीपाली मागेच उभी होती. नुकतीच डिप्लोमा करून लागलेली, शांत मुलगी.

"काका, भट्टी गार होती ना? काटा चढला तरी आतल्या विटा अजून तापल्या नसतील. थोडा वेळ वाढवायचा का?"

"मॅडम, भट्टीला सुतक नसतं. इंचाला तास म्हणजे इंचाला तास."

बाजूचे दोघे हसले, आणि ती आपल्या तपासणीच्या टेबलाकडे गेली. पिना निघाल्या. टोपलीतल्या वरच्या चार घेऊन तपासल्या, त्या चांगल्या कडक होत्या. मधल्या पिनांच्या पोटापर्यंत उष्णता पोचलीच नव्हती, पण तिथपर्यंत कुणी बघितलं नाही. दीपालीने माल पास केल्याच्या दाखल्यावर सही केली.

दिवाळीनंतर खराडीत त्यातली एक पिन तुटली. वर चाललेला काचांचा गठ्ठा खाली आला आणि कचरू नावाचा मजूर जागच्या जागी गेला. चौकशी लागली. अनिरुद्ध साहेबांनी रंगनाथला केबिनमध्ये घेऊन दार लावलं. "तुम्ही तोंड उघडू नका. कागदावर तुमचं नाव कुठेच नाही." सही होती दीपालीची, म्हणजे आता मरण त्या पोरीचं.

रंगनाथ भरल्या ताटावरून उठला. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. सत्यशीला एवढंच म्हणाली, "तिने विचारलं होतं ना तुम्हाला? मग जा आणि सांगा."

तो गेला. चौकशीच्या खोलीत सगळ्यांसमोर उभा राहिला. "साहेब, वेळ मी ठरवला होता. या मॅडम वेळ वाढवा म्हणत होत्या. चूक माझी आहे."

अधिकाऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "शिक्षण?"

"सातवी."

"मग तुम्ही कसे ठरवणार? जो ठरवतो त्याची सही असते. सही यांची आहे."

"अहो, पण मीच सांगतोय ना, तिथे सगळं मीच ठरवतो."

"ही तुमची मुलगी लागते का? नाही ना? मग बाहेर बसा."

ज्या अधिकारावर हा माणूस जन्मभर मिरवला, तो त्याला कुणी दिलेलाच नव्हता. आणि ते कळलं कधी, तर स्वतःचा गुन्हाही कुणी त्याच्या नावावर घेईना तेव्हा. लाज वाटली त्याला, भयंकर लाज वाटली. व्हरांड्यातल्या बाकावर तो मान खाली घालून बसून राहिला.

दीपाली बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिला नोकरीवरून काढलं होतं, आणि आता खटलाही तिच्यावरच चालणार होता. ती त्याच्या शेजारी बसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, मला एक सांगाल? वकील विचारणार आहेत. गार भट्टी होती, तर किती वेळ द्यायला हवा होता?"

रंगनाथने बोटांवर इंच मोजायला घेतले. पण गार भट्टीचा हिशेब त्याला येतच नव्हता.

दीपालीने पिशवीतून पेन काढलं. तो मनातल्या मनात हिशेब करतोय असं समजून ती थांबून राहिली.