सटवाजीच्या गालातला घोट

नायगाव तालुक्यातल्या त्या गावात ज्वारी पेवात उतरवायची, तर आधी ती सटवाजीच्या दाढेखालून जायची. चार दाणे तो गालात धरायचा, वीस मोजायचा आणि मग कटकन चावायचा. ‘टिकंल’ म्हणाला की जमिनीतलं ते धान्याचं कोठार भरायचं. मान हलवली की बाजार.

पुढं सोयाबीन आलं, पेवं बुजली. सटवाजीचं तेवढं गोठ्यामागं शाबूत राहिलं. दोन पुरुष खोल, गारेगार आणि मालकासारखंच बिनकामाचं.

त्यावर डोळा ठेवून पुतण्या सुदर्शन आला. नाशिककडं वाइनच्या कारखान्यात तो चार वर्षं होता. यंदा स्वतःच्या दोन एकरातल्या द्राक्षांची लाल वाइन त्यानं काढली होती. कारखान्यातले म्हणत, वर्षात विकून टाक. याला वाटे, आठ वर्षं गारव्यात ठेवली तर खरी उतरेल.

“काका, दीडशे बाटल्या हायत. पेव द्या.”

“माझ्या बापानं ज्वारी ठिवली त्यात दारू?”

“दारू न्हाई, वाइन हाय.”

“नाव बदललं म्हणून वास जातो व्हय रे?”

“नका देऊ. पण टिकंल का न्हाई, येवढं तरी सांगा. का दाढ गेली आता?”

हे मात्र लागलं. घरातलं भांडं बाटू नये म्हणून त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, करवंटी आणली आणि पदर नाकाला लावून उभी राहिली.

सटवाजीनं घोट घेतला आणि सवयीनं ज्वारीसारखा गालात धरून मोजू लागला. सातला जिभेचं कातडं झालं. बाराला हिरड्या आवळल्या. पंधराला गिळावं की मरावं, हे कळेना. तरी गड्यानं वीस पुरे केले आणि पिचकारी मारली.

“थू! बाभळीची साल उकळून त्यात गंजका खिळा टाकला का रं?”

“थुंकायचंच असतंय, काका. मोठमोठे चाखणारे थुंकतात.”

“अन् त्या थुंकायचा पगार घेत व्हतास तू?”

“अवो, गूळ खा आधी,” कस्तुराबाई म्हणाली, “तोंड बघवंना तुमचं.”

चार चुळा झाल्या, गूळ झाला, मिश्री झाली. ती घाण काही दाढ सोडेना. आणि तिथंच पंचाईत झाली. तोंडात लगेच गोड होणाऱ्या ज्वारीला त्यानं कधी पेवात जाऊ दिलं नव्हतं. किडा आधी तिलाच शोधतो. टिकतो तो दाढेशी भांडणारा दाणा. आणि ही लाल ब्याद अजून भांडतच होती.

‘टिकायची न्हाई’ म्हटलं असतं तर पेव वाचलं असतं. पण चाळीस वर्षांत त्याची दाढ एकदाही खोटं बोलली नव्हती.

“टिकंल,” तो शिवी दिल्यासारखा म्हणाला.

“आठ वर्षं?”

“धा! असल्या घाणीला कीडबी शिवायची न्हाई. घे पेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आतली हवा बघायला त्यानंच दोरीनं कंदील खाली सोडला. तो विझला नाही. मग एकेक खोकं उतरू लागलं आणि प्रत्येक खोक्यामागं सटवाजी तोंड फिरवून थुंकू लागला.

“काका, आठ वर्षांनी पहिली बाटली तुम्हीच चाखायची!”

सटवाजीला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. त्यानं बोटांवर हिशोब केला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

“तवर मी सुटतो बग,” तो म्हणाला.