अप्पांचा फोन आणि गावोगावचे भामटे

आमच्याकडे नातेवाईक जमले की चहा उकळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते फोनचं सांग ना!" मग कुठल्या फोनचं, यावर वाद. कारण हे किस्से आमच्या घरात जुन्या चार्जरसारखे साठलेत. ड्रॉवरमधून एक ओढायला जावं, तर त्याला गुंतून आणखी दोन-तीन बाहेर येतात!

मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि आम्ही मुलांनी नवे हँडसेट घेऊन जुने आईवडिलांच्या हातात दिले, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. आम्हाला वाटलं, त्यांची सोय केली. सोय झालीच, पण त्यांना फसवू बघणाऱ्यांचीसुद्धा झाली!

आम्ही तेव्हा गोखिवऱ्यात राहायचो. मी, आई आणि अप्पा. अप्पा पाणीखात्यातून रिटायर झालेले. धाकटी बहीण नीता लग्न होऊन विरारला.

*

पहिला मान अप्पांचाच. एका सकाळी त्यांना मेसेज आला, सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. तुमच्या नंबरला परदेशी लॉटरी लागली आहे, नाव, पत्ता आणि बँकेचं खातं ताबडतोब कळवा. मी बूट घालता घालता म्हणालो, "अप्पा, डिलीट करा. फसवाफसवी आहे."

अप्पा विचारात पडले. "मी तिकीटच काढलेलं नाही. म्हणजे हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तो बिचारा तिकडे वाट बघत असेल!"

संध्याकाळी घरी आलो, तर अप्पांनी 'राँग नंबर, योग्य व्यक्तीस द्यावे' असं उत्तर पाठवलेलं, आणि त्यावर तिकडून आलेला फोन त्यांच्या कानाला लागलेला. पलीकडचा माणूस काकुळतीला आला होता, "सर, आप ही विनर हो!" आणि अप्पा त्याला त्यांच्या हिंदीत झापत होते, "अरे, इतना बडा रकम, और तुम नंबर चेक नहीं करता? तुम्हारे साहेब को फोन दो!"

साहेब काही फोनवर आला नाही. अप्पा मात्र बरेच दिवस हळहळत होते, "पोराची नोकरी जाणार बघ!"

*

अप्पांची थोरली बहीण, आमची माईआत्या, निर्मळला दिलेली. घरामागे तिची फुलांची वाडी, घरात लँडलाइन. एका दुपारी तिला फोन आला. "मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद होणार आहे. कार्डावरचा नंबर सांगा."

आत्या घाबरली. चष्मा शोधला, ट्रंक उघडली, कार्ड काढलं आणि नंबर वाचून दाखवला. वर घरातल्या माणसांची नावं, वयंसुद्धा!

"मॅडम, हे कुठलं कार्ड?"

"रेशनचं! दुसरं कुठलं? बंद करू नका हो. आणि रॉकेल का येत नाही, ते सांगा आधी."

त्यानं घसा कोरडा करून एटीएम कार्ड म्हणजे काय ते समजावलं. "ते होय! ते मुलाकडे असतं. थांबा, बोलावते," म्हणून आत्यानं रिसीव्हर बाजूला ठेवला आणि ती वाडीत गेली. तिथे शेजारच्यांची शेळी मोगऱ्यात शिरलेली. तिला हाकललं, मग आल्यासारखं कळ्या तोडल्या, मग पाणी सोडलं. फोनची आठवण झाली तेव्हा दिवेलागण होत आली होती.

आम्हाला हे सांगताना तिला एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं. "रॉकेलचं त्यानं सांगितलंच नाही!"

*

हे ऐकून नीतानं मनावर घेतलं. एका रविवारी येऊन तिनं आई-अप्पांना समोर बसवलं आणि क्लास घेतला. "अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही. वय सांगायचं नाही. काही म्हणजे काही सांगायचं नाही!" अप्पांनी मान डोलावली. अप्पांनी मान डोलावली की समजावं, आता नियम पाळला जाणार!

त्याच आठवड्यात फोन आला. "हॅलो, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. पेशंटचं नाव कन्फर्म करायचंय."

"इथे कुणी पेशंट नाही."

"अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना उद्या?"

"आमचे सगळ्यांचे डोळे उत्तम आहेत!" म्हणत अप्पांनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, रिक्षा करून मी अप्पांना त्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात घेऊन गेलो, तर नंबर दुसऱ्याला दिलेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमच्या घरच्यांनीच सांगितलं, डोळे उत्तम आहेत." अप्पांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "आवाज खरा होता तुमचा. पण मी फसलो नाही!"

*

मग नीतानं तोडगा काढला. घरातल्यांनी एक गुप्त शब्द ठरवायचा. कुणी अडचणीत आहे म्हणून फोन आला, की आधी तो शब्द विचारायचा. अप्पांनी एक संस्कृत सुभाषित सुचवलं. आई म्हणाली, "शेपू ठेवा. या घरात आपणहून कुणाच्या तोंडी येणार नाही." शेपू ठरला.

पुढे मी कामासाठी सुरतेला गेलो असताना स्टँडवर माझं पाकीट आणि मोबाइल दोन्ही मारली गेली. पीसीओवाल्याला गयावया करून घरी फोन लावला. "अप्पा, मी बोलतोय. पाकीट मारलं. सुरतेला आपले देसाई आहेत ना, त्यांचा नंबर द्या लवकर!"

"शब्द?"

"अप्पा, माझा आवाज ओळखू येत नाही?"

"आवाज काढता येतो. शब्द?"

"शेपू!" मी ओरडलो. बूथबाहेरची रांग माझ्याकडे बघायला लागली.

"बरोबर," अप्पा म्हणाले. "पण एवढ्या मोठ्यानं? आता सगळ्या सुरतेला कळला. थांब, नवीन शब्द ठरवू या. तू सुचवतोस की मी?"

समोर मीटर पळत होता!

*

अर्नाळ्याची हिराबाय आमच्या दारात मासे घेऊन यायची. वय आईएवढंच. लेकीनं पिशवी शिवून तिच्या गळ्यात अडकवलेली, त्यात मोबाइल. एकदा आई पापलेटं निवडत असताना तो वाजला. हिराबायचे हात ओले, म्हणून तिनं मलाच स्पीकर चालू करायला लावला.

"अभिनंदन! तुम्हाला फ्रिज लागलाय. फक्त डिलिव्हरी चार्ज आधी भरायचा."

मी मानेनं 'नको, नको' करत होतो. हिराबायनं कोयता खाली ठेवला. "कवढा हाय फ्रिज?"

"मोठा आहे, मावशी. डबल डोअर."

"मंग आन की दारात. बघते, पसंत पडला तर देते पैसं."

"नाही मावशी, आधी पैसे, मग फ्रिज."

"बाबा, पान्यातली मासली मी इकत नाय घेत!" आणि मला म्हणाली, "बंद कर रे त्याला. धंदा शिकवतंय मला."

*

सगळ्यांचंच असं हसण्यावारी गेलं नाही. पापडीचे डॉमनिक अंकल म्हणजे अप्पांचे पाणीखात्यातले जोडीदार. त्यांचा मुलगा गल्फला. एका सकाळी त्यांना फोन आला, तुमच्या मुलाचा अपघात झालाय, ऑपरेशनसाठी आत्ताच्या आत्ता पैसे या खात्यात भरा. नातीच्या कम्युनियनच्या समारंभासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे अंकलनी बँकेत जाऊन भरले. रात्री मुलाचा नेहमीसारखा फोन आला, "डॅडी, जेवलात का?"

त्यानंतर अंकल घराबाहेर पडेनात. त्यांच्या बायकोनं, रेजिना आंटीनं आईला फोन केला. "वहिनी, हा कुणाशी बोलत नाय. रविवारी चर्चमध्ये मिस्सालापण आला नाय."

आम्ही तिघं पापडीला गेलो. अंकल ओटीवर खुर्चीत बसलेले, नजर जमिनीवर. "अप्पा, मी गाढव आहे रे."

अप्पांनी खुर्ची ओढली. "तू तर पोराच्या जिवासाठी फसलास. मी मोटारीसाठी फसलो!"

मी चमकून बघितलं. कंडक्टरनं चुकून जास्त सुटे दिले, तर बस थांबवून परत करणारे आमचे अप्पा! आणि ते सांगत होते, की त्यांना मोटार लागल्याचा फोन कसा आला, त्यांनी रजिस्ट्रेशनचे पैसे कसे भरले, सोसायटीत पार्किंगची जागा कशी मोजून ठेवली. "वर गाडीचं कव्हर घेऊन आलो. लाल! अजून माळ्यावर आहे."

"कव्हर?" अंकलनी मान वर केली.

"कव्हर! गाडीचा पत्ता नाही, आणि कव्हर तयार!"

अंकलचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. स्वयंपाकघराच्या दारात रेजिना आंटीनं पदरानं डोळे टिपले.

तेवढ्यात आई बोलायला लागली. "मला एक मुलगी दुपारचा फोन करायची. कसल्याशा हेल्थ स्कीमची. मला आई म्हणायची. जेवलात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायची. घरात दुपारी कोण असतं बोलायला? हे झोपलेले. मग एकदा म्हणाली, आई, माझं टार्गेट राहिलंय, मेंबरशिप घ्या ना. मी घेतली. त्यानंतर तिचा फोन आला नाही."

"वहिनी, तुम्ही पण?" अंकल म्हणाले.

"पैशाचं एवढं नाही वाटलं," आई म्हणाली. "फोन बंद झाला त्याचं वाटलं."

मग अंकल उठले आणि आत बघून म्हणाले, "रेजिना, माझा पांढरा शर्ट काढून ठेव. उद्या मिस्साला यायचंय मला." आम्हाला सोडायला ते फाटकापर्यंत आले.

परत येताना रिक्षात अप्पा भलतेच खुशीत होते. "माझी कव्हरची थाप बरी जमली ना? पण तुझी गोष्ट माझ्यापेक्षा भारी. ती मुलगी तुला सुचली कुठून?"

आईनं पदर सावरला.

"सुचायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, पुढून डावीकडे घ्या."